फुल सस्पेन्शन ट्रेल बाईक सेट करायची आहे, मागचं चाक दगडांवर उडतं

टेकडीवाली

नमस्कार मंडळी,

आतापर्यंत माझ्याकडे हार्डटेल होती, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल. वेताळ टेकडी, बाणेर-पाषाण टेकडी, कधी पहाटे निघायला जमलं तर घोराडेश्वर, असं फिरणं चालायचं. आता ओळखीच्या एका कुटुंबाकडून फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली ट्रेल बाईक घेतली. ते अमेरिकेतून परत येताना ती सोबत घेऊन आले होते. इथे आल्यावर वर्षभर ती घरात नुसती उभीच होती. फ्रेम नीट तपासली, कुठे चीर नाही, पोचा नाही. २९ इंची चाकं, पुढचं चाक फोर्कवर (पुढचं सस्पेन्शन) १४० मिमी हलतं, मागचं शॉकवर (मागचं सस्पेन्शन) १३० मिमी. शॉकवर २१०×५५ लिहिलंय, म्हणजे त्याची लांबी आणि तो किती दबतो, मिमीमध्ये. टायर २.४, ट्यूबलेस.

त्रास असा आहे. पाषाणच्या बाजूला उतरताना जो खडकाळ पट्टा लागतो, तिथे मागचं चाक प्रत्येक दगडाला आपटून वर उडतं. हार्डटेलवर मी तिथून जशी जायचे, त्याहून हीच जास्त हादरवते. फोर्क किती दबला ते दाखवणारी जी रबरी ओ-रिंग त्याच्यावर असते ती कितीही जोरात आले तरी ८५ मिमीच्या पुढे सरकलेली नाही. खाली आल्यावर तळहात आणि मनगटं ठणकतात. मुरमाच्या वळणावर पुढचं चाक सटकतं, तेही कळायच्या आत. चढाला मात्र तक्रार नाही, मस्त चढते.

माझं वजन ५८ किलो, उंची पाच फूट चार इंच. आधीचे मालक चांगले धिप्पाड, नव्वदीच्या घरातले. सायकलीसोबत शॉक पंप मिळालाय. तो लावून पाहिला तर शॉकमध्ये २१५ पीएसआय आणि फोर्कमध्ये ९२ दाखवतोय. एका दुकानात नेली होती, त्यांनी सीट हाताने दोनदा दाबली आणि सगळं ठीक आहे म्हणाले.

आणखी एक. हिचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला आहे. सवय होईल का, की बदलून घ्यावा?

नवीन पार्ट घ्यायची सध्या तयारी नाही. जे आहे त्यातच नीट बसवायचं आहे. सुरुवात कुठून करू?

चिखलमित्र

अभिनंदन! २१५ फारच जास्त आहे, ती हवा त्या धिप्पाड मालकांची. शॉकला ढोबळ हिशेब असा धरतात की वजन जितके पौंड तितके पीएसआय. ५८ किलो म्हणजे साधारण १२८ पौंड. हेल्मेट, बूट, पाण्याची बॅग धरून १३५ भरा. फोर्कच्या पायावर मागच्या बाजूला बहुतेक वेळा वजनाप्रमाणे हवेचा तक्ता चिकटवलेला असतो, तो बघा. डावीकडचा ब्रेक आधी बदला, बाकी सगळं नंतर.

भोसरीकर

ताई, १३५ हा आकडा सुरुवातीला चालेल, पण तो भरून तिथेच थांबू नका. तो ढोबळ हिशेब ज्याने सांगितला त्याला तुमची फ्रेम ठाऊक नाही. तुमचं मागचं चाक १३० मिमी हलतं तेव्हा शॉक ५५ मिमी दबतो, म्हणजे सरासरी २.३६ पट. दुसऱ्या एखाद्या फ्रेमवर हेच प्रमाण २.८ असेल, मग त्याच वजनाच्या माणसाला हवा बरीच जास्त लागेल. म्हणून पीएसआयवर विश्वास ठेवायचा नाही, मिलिमीटरवर ठेवायचा. मी भोसरीत लेथवर काम करतो. मोजल्याशिवाय हात लावायचा नाही, ही सवय कामानेच लागली आहे आणि सायकलीला ती तंतोतंत लागू पडते.

पण शॉकला हात लावायच्या आधी टायर. हे मी मुद्दाम पहिलं सांगतोय. लोक हजारो रुपयांचे शॉक बदलतात आणि टायरमध्ये ३५ पीएसआय भरून हिंडतात. छोट्या खड्यांचा थरथराट घ्यायचं काम आधी टायरचं आहे, शॉकचा नंबर नंतर. तुमचं पुढचं चाक मुरमावर सटकतं त्याचं पहिलं कारण मी तिथेच शोधेन. रिम आतून ३० मिमीच्या आसपास रुंद असेल तर तुमच्या वजनाला पुढे १९ आणि मागे २२ पासून सुरू करा. आपल्याकडचा बेसाल्ट धारदार फुटतो, त्यामुळे याहून खाली जायची घाई नको. आणि हे घरातल्या उभ्या पंपाच्या काट्यावर मोजू नका. तो काटा १६० पर्यंतच्या मापाचा असतो, विशीतला फरक त्याला दिसतच नाही. छोटा डिजिटल गेज घ्या, तेवढा एक खर्च कराच. वर्षभर उभ्या असलेल्या सायकलीच्या टायरमधलं सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) वाळून त्याचे पापुद्रे झालेले असणार, तेव्हा टायर एका बाजूने उघडा, जुनं खरवडून काढा आणि नवीन १०० ते १२० मिली घाला. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत पुन्हा वाळतं.

आता सॅग. म्हणजे तुम्ही नुसत्या बसल्यावर शॉक किती दबतो ते. ट्रेल बाईकला मागे २८ ते ३० टक्के धरा. ५५ चे ३० टक्के म्हणजे साडेसोळा मिमी. तुम्ही १६ वर आणा. टेकडीवर जाताना जे घालता ते सगळं घाला, पाण्याने भरलेली बॅगसुद्धा. शॉकवर एखादा लिव्हर असेल, चढावर घट्ट करायचा, तो पूर्ण उघडा ठेवा. भिंतीला कोपर टेकून सीटवर बसा, दोन्ही पाय पेडलवर, उड्या मारायच्या नाहीत. दुसऱ्या कोणाला तरी ओ-रिंग शॉकच्या सीलला चिकटवायला सांगा. मग हळूच, ब्रेक न दाबता, पाय खाली टेकवून उतरा. उतरताना धक्का बसला तर ओ-रिंग पुढे सरकते आणि माप खोटं येतं. सील ते ओ-रिंग अंतर मोजा. व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर शाळेची पट्टी चालेल, पण तिची शून्याची रेघ कडेपासून आत असते हे लक्षात ठेवा.

हवा कमी-जास्त करताना एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. शॉकच्या आत हवेचे दोन कप्पे असतात, एक दाबाला विरोध करणारा आणि एक त्याच्या उलट बाजूचा. तुम्ही पंपाने भरता तो पहिला. दुसऱ्यात हवा जाते ती शॉक थोडा दबल्यावर, मधल्या एका बारीक खाचेतून. म्हणून २१५ वरून एकदम १३५ वर सोडून दिलं तर दोन कप्पे जुळत नाहीत, शॉक आत ओढला जातो आणि वर येईना झाला असं वाटतं. थोडी हवा सोडा, सीट धरून दहा-बारा वेळा हळू दाबा, पुन्हा थोडी सोडा, पुन्हा दाबा. भरतानाही तसंच. प्रत्येक वेळी काटा थोडा बदलेल, ते बरोबर आहे.

पंप काढताना फुस्स असा आवाज येतो तेव्हा जीव घाबरतो. ती हवा पंपाच्या नळीतली असते, शॉकमधली नाही. उलट पंप पुन्हा लावला की शॉकमधली थोडी हवा नळी भरायला जाते आणि काटा आधीपेक्षा कमी दाखवतो. म्हणून ‘रोज थोडी हवा गळते’ ही तक्रार निम्म्या वेळा पंप रोज लावल्यामुळेच असते. ओ-रिंगचं माप बदललं तरच हवा गेली असं समजा.

यानंतर रिबाउंड, आणि तुमच्या बाबतीत खरी गंमत इथेच आहे. शॉक दबल्यानंतर किती वेगाने परत येतो ते ठरवणारी लाल रंगाची चकती असते. ९० किलोच्या माणसाच्या हवेला आवरायला ती बरीच बंद केलेली असणार. आता तुम्ही हवा ऐंशी पीएसआयने कमी करणार. त्यामुळे शॉकला वर ढकलणारा जोर कमी होणार, पण अडवणारं तेल तेवढंच राहणार. मग शॉक एका दगडावर दबेल, परत यायच्या आत दुसरा दगड येईल, आणखी दबेल, आणि चौथ्या दगडापर्यंत तुम्ही एका कडक झालेल्या सायकलीवर असाल. वरून पाहिलं तर लक्षण तेच, ‘दगडांवर धक्के बसतात’, पण कारण अगदी उलट. हवा कमी केली की रिबाउंड उघडलाच पाहिजे. चकती आधी पूर्ण बंद करा, तिथून किती टक-टक उघडली ते मोजत जा. घराजवळ फुटपाथची कड शोधा, सीटवर बसूनच सावकाश खाली उतरा. मागचं एकदा दबून वर यावं, थोडंसं वर जाऊन स्थिर व्हावं. दोन-तीनदा हिंदकळलं तर चकती एक टक बंद करा. चिखलात पाय रुतल्यासारखं सावकाश वर आलं तर उघडा.

फोर्कला तीच रीत, फक्त सॅग २० टक्के, म्हणजे १४० मधले २८ मिमी. तुमच्या ९२ वरून तो आकडा साठीच्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे. आधी हे करा आणि मग ओ-रिंग कुठवर जाते ते इथे सांगा. ती तरीही ८५-९० वरच अडली तर फोर्कच्या आत काय आहे ते बघावं लागेल, त्याबद्दल नंतर लिहितो.

आणि ब्रेक. इथे चिखलमित्रांशी शंभर टक्के सहमत. अमेरिकेत डावा हात पुढच्या चाकाला असतो. आपल्या सायकली, स्कूटर, मोटरसायकल सगळ्यांचा पुढचा ब्रेक उजवीकडे. तुम्ही रोज स्कूटर चालवत असाल तर हाताला सवय तीच. घाबरून ब्रेक दाबायची वेळ आली की हात विचार करत नाही. उतारावर मागचा समजून डावा पूर्ण दाबलात तर हँडलवरून पुढे फेकल्या जाल. नळ्या अदलाबदल करून घ्या. हे काम घरी करू नका, लिव्हरजवळ नळी कापली की आतलं छोटं पितळी कडं नवीन लागतं, आणि नंतर तेल भरून सगळी हवा बाहेर काढावी लागते. तेल कुठलं ते लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. शिमानोला मिनरल ऑइल, इतर काहींना डॉट. एकाचं दुसऱ्यात गेलं तर आतली सगळी रबरं फुगून वाया जातात, म्हणून दुकानात बाटली स्वतः बघा.

हे सगळं एका दिवशी एकदम करू नका. पाषाणच्या उतरणीवरचा दोन-तीन मिनिटांचा एकच पट्टा धरा. वर न्या, खाली या, एक गोष्ट बदला, पुन्हा तोच पट्टा. वही ठेवा. माझ्या वहीत तारीख, हवामान, टायर, शॉक, रिबाउंडच्या टका आणि शेवटी एक ओळ ‘कसं वाटलं’ एवढंच असतं. ती ओळच पुढे सगळ्यात जास्त कामाला येते.

ट्वीडकाठ

भोसरीकरांचं सगळं पटलं, एक सोडून.

मी मूळची नाशिकची, आता एडिंबरोला असते आणि शनिवार-रविवार ग्लेन्ट्रेसच्या जंगलात सायकल चालवायला जाते. २०२३ च्या जागतिक स्पर्धेतल्या क्रॉस-कंट्रीच्या शर्यती याच जंगलात झाल्या होत्या. माझंही वजन साठीच्या आत आहे. माझा अनुभव असा की सॅग बसून मोजलं तर हलक्या माणसाला सायकल चुकीची सेट होते. उतारावर आपण बसलेलो असतोच कुठे? उभं राहून, गुडघे-कोपर वाकवून, वजन पेडलवर घेऊन मोजा. मागचं माप थोडं कमी येईल, पुढचं जास्त. काही कंपन्याही उभं राहूनच मोजायला सांगतात.

दुसरं, रिबाउंडबद्दल. चकती पूर्ण उघडूनही तुम्हाला शॉक सुस्त वाटू शकतो. शॉकच्या आतल्या पातळ पोलादी चकत्यांची चळत साधारण पाऊणशे-ऐंशी किलोच्या माणसाला धरून रचलेली असते. तुम्ही आणि मी त्या पट्ट्याच्या टोकाला आहोत. तसं झालं तर दोष तुमचा नाही आणि शॉक बिघडलाही नाही. सर्व्हिस करणारा माहीतगार असेल तर तो ती चळत हलकी करून देतो. मी इथे करून घेतलं आणि माझी सायकल पहिल्यांदा जमिनीला धरून चालायला लागली.

हाताच्या दुखण्याचं कारण मात्र निम्मं हँडलवरच असेल. लिव्हर हँडलपासून किती लांब आहे? आधीच्या मालकांचे हात मोठे असणार. लिव्हरला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर जवळ घ्या. तर्जनीचं पहिलं पेर लिव्हरच्या टोकाजवळच्या वळणावर सहज यायला हवं, हात न ताणता. एकाच बोटाने ब्रेक लावायचा, बाकीची तीन ग्रिपवर. लिव्हरचा कोन असा ठेवा की उभं राहिल्यावर मनगट वर मुडपलं जाणार नाही. आणि हँडल किती रुंद आहे ते मोजा. ८०० मिमी असेल तर तुमच्या खांद्यांना ते फार आहे. कापायच्या आधी ग्रिप आणि लिव्हर आत सरकवून ७६०, ७४० असं फिरून बघा, कारण कापलेलं परत जोडता येत नाही.

भोसरीकर

उभं राहून मोजण्याबद्दल वाद नाही, पण एकट्याने करताना ते माप दर वेळी वेगळं येतं. कोण किती पुढे झुकलं यावर पाच मिमी सहज बदलतं. बसून मोजलेलं माप आज आणि सहा महिन्यांनी सारखंच येतं, म्हणून सुरुवातीला मी ते धरतो. नंतर उभं राहून पुढच्या-मागच्याचा तोल बघावा, तिथे तुम्ही म्हणता ते खरं. चकत्यांच्या चळतीबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत, आपल्याकडे हलक्या माणसांना हे कोणी सांगतच नाही.

टेकडीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून भिंतीवर लावलंय. आता कळवते.

टायर उघडले तर आत खरंच वाळलेल्या सीलंटचा पातळ रबरासारखा थर होता, पूर्ण गोल निघून आला. हवा पुढे १९, मागे २२ केली. मुरमाचं वळण एवढ्यानेच बदललं. आधी चाक सटकायचं तेव्हा काहीच कळायचं नाही, आता कडेचे खुंट माती धरताना जाणवतात. सटकायच्या आधी सूचना मिळते.

शॉक १३८ वर आणल्यावर सॅग १६ मिमी आलं. आणि भोसरीकर म्हणाले अगदी तसंच झालं. पहिल्या उतरणीला सायकल मेल्यासारखी वाटली, धक्के कमी पण वरून खाली दबतच गेली. चकती बघितली तर फक्त तीन टक उघडी होती. दोन-दोन टक उघडत त्याच पट्ट्यावर वर-खाली केलं. आता पूर्ण उघडण्याच्या एक टक अलीकडे आहे आणि मागचं चाक दगडांवरून वाहत जातं. खरंच दुसरी सायकल वाटते. तुमच्या वहीतली शेवटची ओळ मी लिहिली, ‘मागे काय चाललंय याचा विचारच आला नाही.’

लिव्हर जवळ घेतल्या, ग्रिप आत सरकवून ७६० वर फिरतेय. मनगटं शांत आहेत. ब्रेकच्या नळ्या बदलून घेतल्या.

अडलंय ते फोर्कपाशी. ६२ पीएसआयला २८ मिमी सॅग येतं, छोटे दगड छान घेतो. पण सगळ्यात मोठ्या पायरीवरून उतरूनही ओ-रिंग १०० च्या पुढे जात नाही. अजून हवा कमी केली की ब्रेक लावताना पुढचं नाक खाली जातं. ४० मिमी वापरातच येत नाहीत म्हणजे काय?

भोसरीकर

याचीच वाट बघत होतो. आत टोकन आहेत. फोर्कच्या हवेच्या कप्प्यात प्लास्टिकचे छोटे ठोकळे बसवलेले असतात. ते हवेची जागा कमी करतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात फोर्क झपाट्याने कडक होतो. जड माणसाला किंवा उड्या मारणाऱ्याला ते हवेत, नाहीतर फोर्क खटकन तळाला आपटतो. सुरुवातीच्या सॅगवर त्यांचा परिणाम अगदी थोडा होतो. म्हणूनच तुमचं सॅग बरोबर येतं आणि शेवट येत नाही. हवा कमी करून हा प्रश्न सुटणार नाही. टोकन काढावे लागतील.

हे घरी करता येतं. आधी फोर्कमधली सगळी हवा सोडा, सगळी, व्हॉल्व्हची पिन दाबून आवाज थांबेपर्यंत. हवा असताना वरची टोपी सोडवली तर ती गोळीसारखी उडते. मग डावीकडची टोपी पान्याने सोडवा. टोपीचा षटकोन उथळ असतो आणि बाजारातल्या बहुतेक पान्यांच्या तोंडाला आतून उतार दिलेला असतो, त्यामुळे पाना निसटून टोपीच्या कडा गोल होतात. मी माझा सॉकेट लेथवर तोंडाशी सपाट घासून घेतलाय. तुम्ही ओळखीच्या कोणाकडून तसा करून घ्या किंवा दुकानात जा. टोपीच्या खाली टोकन एकाखाली एक पिळलेले दिसतील. सगळे एकदम काढू नका. एक काढा, टोपी कंपनीने दिलेल्या टॉर्कला बसवा, हवा भरा, सॅग बघा, तोच पट्टा. सगळ्यात अवघड पायरीवर ओ-रिंग टोकापासून पाच-दहा मिमी अलीकडे थांबली की झालं. पूर्ण टोकाला रोजच जाऊ लागली तर एक परत घाला.

उन्हाबद्दल पण सांगून ठेवतो. पहाटे वीस अंशांत १३८ भरलेला शॉक दुपारी गाडीच्या डिकीत चाळीस अंशांना तापला की दहा पीएसआय सहज वाढतात. माप नेहमी एकाच वेळी घ्या.

चिखलमित्र

मागच्या सगळ्यात मोठ्या दात्यावर खरखर येते का? येत असेल तर आरडीच्या (मागचे गिअर बदलणारी यंत्रणा) वरच्या छोट्या चाकाचं दात्यापासूनचं अंतर कोणीतरी सायकल स्टँडला टांगून सेट केलेलं असेल. फुल सस्पेन्शनमध्ये शॉक दबला की चेनची लांबी आणि ते अंतर दोन्ही बदलतात. स्रॅमच्या बारा गिअरवाल्या आरडीला तर ते कोणी सीटवर बसलेलं असताना, सॅगमध्येच मोजायचं असतं. तुमची हवा आता बरीच कमी झाली आहे, तेव्हा पुन्हा बघाच.

टेकडीवाली

तीन टोकन निघाले! दोन काढले, एक ठेवला. हवा ६४ लागली. काल ओ-रिंग १३१ पर्यंत गेली, तीही त्या मोठ्या पायरीवर. आणि हो, खरखर येत होती, बसून सेट केल्यावर गेली.

आता शेवटचा प्रश्न. उभं राहून जोरात पेडल मारलं की मधून कुरकुर येते. सीटपोस्ट काढून, पुसून, ग्रीस लावून बसवली, तरी येते. मागचं चाक धरून आडवं हलवलं तर बोटाला अगदी बारीकशी खडखड लागते.

भोसरीकर

बेअरिंग. फ्रेमच्या सांध्यांमधले. वर्षभर उभी राहिल्याने आतलं ग्रीस सुकलं असेल, किंवा कधीतरी जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुतली असेल, त्याने ग्रीस निघून जातं.

आधी शॉकमधली हवा सोडा आणि शॉकचा खालचा बोल्ट काढा. आता मागचा त्रिकोण, म्हणजे फ्रेमचा मागचा हलणारा भाग, हाताने वर-खाली करा. एका बोटाने, लोण्यासारखा फिरला पाहिजे. जिथे खरखर किंवा गाठ लागेल तो सांधा उघडा. बेअरिंगच्या कडेवर बारीक आकडा असतो, ६८०२, ६९००, ६९०२ असा काहीतरी, तोच त्याचा आकार. ६९०२ म्हणजे आत १५, बाहेर २८, जाडी ७ मिमी. भोसरीतल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात आकडा सांगा, मिळेल. पण दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं मागा. ‘मॅक्स’ प्रकारचं मिळालं तर त्याहून चांगलं. त्यात गोळ्यांना अंतर राखणारी जाळी नसते, त्याऐवजी जास्त गोळ्या भरलेल्या असतात. सांध्यातलं बेअरिंग पूर्ण गोल फिरतच नाही, जागच्या जागी थोडंसं हलतं आणि भार मोठा घेतं, म्हणून तिथे गोळ्या जास्त असलेल्या बऱ्या.

हातोडी लावायची नाही. लांब आटे असलेला बोल्ट, दोन बाजूंना योग्य मापाचे वॉशर किंवा बुश (धातूची जाड कडी), आणि नट आवळत जायचा. जोर बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावरच यायला हवा. आतल्या कड्यावर आला तर गोळ्यांच्या खाचांत डाग पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब. बुश तुम्हाला मिळाले नाहीत तर आकडे इथे टाका, मी पितळेचे वळून देतो. जुनी बेअरिंग फेकू नका, आकडा नीट वाचता आला नाही तर तीच दुकानात दाखवता येतील.

हे उघडतच आहात तर फोर्कचे खालचे पाय पण काढून तेल बदला. साधारण पन्नास तास चालवल्यावर ते करायचंच असतं, आणि तुमच्या फोर्कला कधी कोणी हात लावलाय असं वाटत नाही.

टेकडीवाली

६९०२ चार आणि ६८०२ दोन निघाली. एक ६९०२ हाताने फिरतच नाही, पूर्ण जाम आहे. २८ च्या बाहेरच्या कड्यासाठी बुश दोन लागतील. पैसे घेणार असाल तरच सांगते, नाहीतर नाही.

भोसरीकर

पितळेचा तुकडा स्क्रॅपमधला आहे, त्याचे पैसे काय घ्यायचे. निगडीला या, सोबत जुनं बेअरिंग आणा, मी मापाला बसवूनच देतो. बाहेरचा व्यास २७.५ ठेवतो, म्हणजे फ्रेमच्या भोकात न अडकता आत जाईल.